एका पुसलेल्या लग्नाची गोष्ट

डोंबिवली. रविवारची जेवणं आटोपली आहेत, बडीशेपेची डबी फिरते आहे. मामाचं वय सदुसष्ट. त्यातली बावीस वर्षं रोजच्या मालिकांचे संवाद लिहिण्यात गेली. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात त्याचे इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक आहेत, प्लास्टिकच्या पिशव्यांत, डांबरगोळ्यांसकट. भाची सव्वीस वर्षांची, पवईला नोकरी करते आणि स्पायडरमॅन वाचते. कॉलेजपासून तिच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पानाच्या डाव्या बाजूला तारीख, मधे अटकळ आणि उजवीकडे एक रिकामा रकाना. खरं निघालं की खोटं, ते नंतर भरायचं. ही वही आज पहिल्यांदाच मामाच्या हाती लागली आहे.

मामा : हे काय गं? 'लग्न परत येणार.' पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावरही तेच. तारखा तेवढ्या वेगळ्या. कुणाचं लग्न?

भाची : पीटर पार्कर आणि मेरी जेनचं.

मामा : मोडलं?

भाची : मोडलं असतं तर एकदा रडून मोकळी झाले असते. पुसलं. १९८७ मध्ये वार्षिक अंकात त्यांचं लग्न लागलं. जाहिरात म्हणून न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये, बेसबॉलच्या सामन्याआधी, वेश केलेल्या नटांचं लग्नही लावलं. भटजी कोण, तर स्पायडरमॅनच्या जनकांपैकी एक, स्वतः स्टॅन ली.

मामा : पंगत होती का?

भाची : मामा, ऐक ना. वीस वर्षं संसार झाला. मग २००७ मध्ये पीटरच्या मे काकूला गोळी लागते. ती वाचणार नाही असं दिसल्यावर मेफिस्टो नावाचा सैतान येतो आणि म्हणतो, म्हातारीचा जीव देतो, बदल्यात तुमचं लग्न द्या. पैसा नको, आत्मा नको, लग्न हवं. ते देतात. दुसऱ्या दिवशी पीटर उठतो तो मे काकूच्या घरात, एकटा. यांचं लग्न झालं होतं हे जगात कुणाला आठवतच नाही.

मामा : आमच्या चॅनेलने हे सांगितलं असतं तर मी निमूट लिहून दिलं असतं, पण घरी येऊन तुझ्या मामीला सांगायची हिंमत झाली नसती. एवढा खटाटोप कशासाठी?

भाची : ते अंक काढणाऱ्या कंपनीचे तेव्हाचे मुख्य संपादक जो क्वेसाडा यांचं म्हणणं असं, की लग्न झालेला पीटर वयस्क वाटतो. घटस्फोट दाखवला तर आणखी वयस्क वाटेल. विधुर केला तर विचारायलाच नको. मग उरला सैतान. ज्यांच्या नावावर ती कथा छापली गेली त्या मायकल स्ट्राझिन्स्कींनाही तो शेवट पटला नव्हता. त्यांनी तसं जाहीरपणे सांगितलं.

मामा : माझ्या इंद्रजालमधल्या वेताळाचं बघ. १९७७ मध्ये डायनाशी लग्न केलं, पुढे जुळं झालं, संसार चालू. मुलांच्या तोंडात घास घालूनही बोटातल्या अंगठीने गुंडांच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटवतो. सैतानाची गरज पडली नाही.

भाची : तुझ्या वेताळाचं बरं आहे. तो एकविसावा आहे. हा गेला की बाविसावा.

मामा : तेच तर म्हणतोय. वेताळ मरतो. बाप गेला की मुलगा तोच वेश चढवतो आणि जंगलातल्या लोकांना वाटतं, हा चारशे वर्षं जिवंत आहे. तुझा पीटर १९६२ पासून मेलेला नाही, की धड म्हातारा झालेला नाही. आणि दर दोन-चार वर्षांनी मुखपृष्ठावर छापतात, आता काहीच पूर्वीसारखं राहणार नाही. माझ्याकडे मरणारा माणूस अमर असल्याची अफवा आहे. तुझ्याकडे अमर माणूस मरणार असल्याची. आणि तू त्या अफवेच्या वह्या भरतेस.

(भाची पेन उघडून 'अमर माणूस मरणार' एवढं वहीच्या मागच्या पानावर टिपून घेते.)

भाची : बोल पुढे.

मामा : माझं म्हणणं सोपं आहे. ज्या गोष्टीला शेवट नाही तिच्यात बदल नसतो. बदलाचा आभास असतो. हे शब्दही तुमच्या स्टॅन लींच्याच नावावर सांगितले जातात ना? वाचकाला बदल नको असतो, बदलाचा आभास हवा असतो, असं. मग कशाला डोकं शिणवायचं? मालिकेत नायिकेची स्मृती गेली की मी डोळे मिटून सांगायचो, परत येणार. कधी? तर टीआरपी पडला त्या गुरुवारनंतर.

भाची : म्हणजे अटकळ तूही बांधायचास. फक्त कॅलेंडर बघून.

मामा : कॅलेंडरच खरं असतं. बाकी सगळा मेकअप.

भाची : मग तुझ्या मताला बळ देणारं उदाहरण मीच देते. डिसेंबर २०१२. स्पायडरमॅनच्या मासिकाचा ७००वा अंक. डॉक्टर ऑक्टोपस मरणाच्या दारात असतो. तो आपलं मन पीटरच्या शरीरात घालतो आणि पीटरचं मन आपल्या सडक्या शरीरात. ते शरीर मरतं. पीटर गेला, खलनायक स्पायडरमॅन झाला. दुसऱ्या महिन्यापासून नवं मासिक, नवं नाव, नवा आकडा. पीटर परत कधी आला?

मामा : सिनेमा कधी आला?

भाची : मे २०१४.

मामा : मग एप्रिल.

भाची : (हसून) एप्रिल.

मामा : संपली तुझी वही.

भाची : नाही ना संपत. पीटर परत येणार हे जगातल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक होतं. ती अटकळच नव्हती, ते गृहीत होतं. मात्र ऑक्टोपसवर आमचा जीव जडेल, त्याची बडबड, त्याचा गर्व, मी पीटरपेक्षा चांगला स्पायडरमॅन होऊन दाखवेन हा त्याचा हट्ट आम्हाला आवडायला लागेल, आणि पीटर परतताना थोडं वाईट वाटेल, हे कुणाच्याही वहीत नव्हतं. माझ्याही नाही. 'काय होणार' हे तुझ्या कॅलेंडरवरून कळतं. 'कसं होणार' ते नाही कळत. आमची गंमत त्या 'कसं'मध्ये आहे.

मामा : ही गंमत तुमची की कंपनीची? मला तर वाटतं तुम्ही फुकट राबताय.

भाची : कंपनीची आहेच. ते दुकानच तसं मांडलंय. अमेरिकेत कॉमिकची दुकानं वेगळी असतात. अंक बाजारात यायच्या दोन-तीन महिने आधी दुकानदाराला मागणी नोंदवावी लागते, त्यासाठी कंपन्या पुढच्या अंकांची यादी काढतात. एक मुखपृष्ठ, खाली तीन ओळी. उरलेला माल बहुतेक वेळा परत घेत नाहीत. म्हणजे अंक कुणी वाचायच्या आधी दुकानदाराने पैजेवर पैसे लावलेले असतात.

मामा : म्हणजे पहिली अटकळ दुकानदाराची.

भाची : आणि पोट त्याच्यावर. म्हणून त्या तीन ओळींची कसरत बघण्यासारखी असते. काही सांगितलं नाही तर तो दहा प्रती मागवेल. सगळं सांगितलं तर वाचक कशाला येईल? मग मुखपृष्ठावर फाटका मुखवटा, नाहीतर थडगं आणि त्यावरचं नाव सावलीत. आता माझी गंमत बघ. मी वाचते ते कंपनीच्या ॲपवर, वर्गणी भरून. तिथे अंक छापील प्रतीनंतर तीनेक महिन्यांनी येतो. म्हणजे कथा वाचते तीन महिने मागची आणि जाहिरात बघते तीन महिने पुढची. मधल्या सहा महिन्यांत काय घडलं ते कान झाकून टाळायचं आणि वहीत लिहायचं.

मामा : पत्रिकाच की. मागचे भोग, पुढचे योग, मधे शनी.

भाची : चालेल.

मामा : पण आता लेखकाच्या बाजूने बघ. ती बाजू तुझ्या वहीत नाही. अटकळीने कथा मरते. पाहिलंय मी. एका मालिकेत लहानपणी हरवलेली बहीण आणायची होती. आठ महिने पेरत होतो. हातावरचा भाजल्याचा डाग, अंगाईतला चुकलेला शब्द, सगळं. शेजारची शिवणकाम करणारी बाई हीच ती बहीण. तिसऱ्याच आठवड्यात बायकांची पत्रं आली, शिवणकामवालीच ना? चॅनेल हादरलं. म्हणे, प्रेक्षकांना कळलंय, बदला. बदललं. बहीण कोण निघाली ठाऊक आहे?

भाची : कोण?

मामा : पोलिस इन्स्पेक्टर. जिचा हात कधी भाजला नव्हता आणि जिला अंगाई ठाऊक नव्हती. तो संवाद मी लिहिला. अजून अपचन होतं.

भाची : मामा, हे अगदी असंच कॉमिक्समध्ये झालंय. १९९१. डीसी कंपनी, आर्मगेडन २००१ नावाची मोठी कथा, उन्हाळ्यातल्या सगळ्या वार्षिक अंकांतून पसरलेली. भविष्यात एक नायक बिघडतो, बाकी सगळ्या नायकांना संपवतो आणि मोनार्क नावाचा हुकूमशहा होतो. तो नायक कोण, हे कोडं. उत्तर ठरलं होतं, कॅप्टन ॲटम. ते बाहेर फुटलं. वाचकांच्या तोंडी झालं. मग ऐनवेळी उत्तर बदललं आणि हॉक नावाच्या दुसऱ्याच नायकाला मोनार्क केलं. आधीच्या अंकांत जे दाखवलं होतं त्याच्याशी ते जुळेना. वाचक चिडले.

मामा : बघ. अटकळीने कथा मारली.

भाची : अटकळीने नाही मारली. भीतीने मारली. वाचकांनी ओळखलं याचा अर्थ पेरणी नीट होती. तुझ्या शिवणकामवालीचंही तेच. पत्रं लिहिणाऱ्या बायका तुझ्या मालिकेच्या सगळ्यात चांगल्या वाचक होत्या. डाग पाहिला, अंगाई ऐकली, जोडलं. तू पेरलेलं त्यांनी उचललं आणि त्याची शिक्षा म्हणून तुम्ही शेतच नांगरून टाकलं.

(मामा काही बोलत नाही. डबीतली बडीशेप निवडत राहतो.)

मामा : पण उघड झालेल्या गुपिताला चव काय राहते?

भाची : मी उलट विचारते. न उघडलेल्या गुपिताला काय चव असते? हॉबगॉब्लिन घे. १९८३ मध्ये स्पायडरमॅनच्या मासिकात रॉजर स्टर्न यांनी हा खलनायक आणला. मुखवट्यामागे कोण, ते सांगायचं नाही. वाचक वेडे झाले. आणि उत्तर न सांगताच स्टर्न पुढच्याच वर्षी ते मासिक सोडून गेले.

मामा : हे आमच्याकडे महिन्याला होतं. लेखक बदलतो आणि नव्याला विचारतो, जावयाला तुरुंगात का टाकलं होतं?

भाची : पुढच्यांनी आपापले संशयित पुढे केले. १९८७ मध्ये जाहीर झालं की तो नेड लीड्स होता, पीटरच्याच वर्तमानपत्रातला बातमीदार. गोम अशी, की नेडचा त्याआधी दुसऱ्याच एका अंकात खून होऊन गेला होता. तोही गाजावाजा न होता, कुणी मारेकऱ्यांनी केलेला. म्हणजे चार वर्षं ज्याचा मुखवटा उतरायची वाट पाहिली तो मेल्यावर कळलं की तोच होता. स्पायडरमॅनशी शेवटची गाठ नाही, काही नाही. वाचकांना ते कधी पचलं नाही. शेवटी १९९७ मध्ये स्टर्ननाच परत बोलावलं, आणि त्यांनी आपल्या मनातलं उत्तर दिलं, रॉडरिक किंग्जली. नेडला फक्त पुढे केलं होतं.

मामा : चौदा वर्षांनी.

भाची : चौदा वर्षांनी. आणि ते पटलं, कारण जुने अंक काढून ताडून बघता येत होतं. इतकी वर्षं कुणीतरी वहीतला रकाना रिकामा ठेवला होता म्हणून ते उत्तर द्यायला जागा उरली.

मामा : भावुक होऊ नकोस. वाचकाला सगळं कळतं असं म्हणत असशील तर सरळ त्यालाच विचारा ना, कोणाला मारू?

भाची : विचारलंय. १९८८. बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, जेसन टॉड. जोकरने त्याला लोखंडी पहारीने मारलं, वर स्फोट. वाचला की मेला, ते वाचकांनी फोन करून ठरवायचं. दोन नंबर, एका फोनला पन्नास सेंट, छत्तीस तास. मरू दे म्हणणारे ५,३४३ आणि जगू दे म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं मेलं. दोन्ही शेवट आधीच काढून तयार होते.

मामा : बहात्तर! आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत याहून जास्त मतं बाद होतात.

भाची : मला ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो. कारण ती अटकळ नाही. अटकळ म्हणजे 'मला वाटतं तो वाचेल, कारण चार अंकांमागे बॅटमॅन असं म्हणाला होता.' मत म्हणजे 'मला तो आवडत नाही.' अटकळीला कारण द्यावं लागतं, मताला लागत नाही. शिवाय मतदानाने मेलेला जेसन २००५ मध्ये परत आलाच, कारण त्याचं मरण कुणी कथेत रुजवलेलं नव्हतं, वरून टाकलेलं होतं.

मामा : हं. आणि जिथे अटकळच मागणी बनते तिथे? तुझ्या ७००व्या अंकाच्या वेळी लेखकाला धमक्या आल्या होत्या म्हणे.

भाची : आल्या होत्या. डॅन स्लॉटना. अंक बाजारात यायच्या आधीच शेवट फुटला आणि न वाचलेल्या कथेसाठी लोकांनी जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. 'तो असं करणार नाही' आणि 'खबरदार, त्याला असं करायला लावलंस तर' ही दोन वाक्यं एकाच प्रेमातून निघतात. पहिल्यावरून दुसऱ्यावर माणूस कधी जातो ते त्याचं त्यालाही कळत नाही.

मामा : 'तो असं करणार नाही.' या वाक्याने मला बावीस वर्षं छळलंय. बाजारात भाजी घेताना बायका अडवायच्या. 'अहो, थोरली सून असं नाही बोलणार.' अगं बाई, थोरली सून मी जन्माला घातली!

भाची : आणि त्या बरोबर असायच्या का?

मामा : (जरा वेळाने) बऱ्याचदा. मला रोज सोळा सीन द्यायचे असायचे. त्यांना एकच सून होती.

भाची : तेच मला म्हणायचंय. पीटर पार्कर कुणाचा आहे? कागदावर कंपनीचा. लिहिणारे येतात-जातात, संपादक बदलतात, मालक बदलतो. त्याला घडवणारे लीही गेले, डिटकोही गेले. साठाहून जास्त वर्षं सतत त्याच्यासोबत कोण आहे? वाचक. तेही बदलतात, पण एकमेकांना सांगत जातात की हा कसा आहे, काय करील, काय करणार नाही. आम्ही पुढे काय होणार ते ओळखत नसतो रे. तो कोण आहे ते विसरू नये म्हणून एकमेकांची परीक्षा घेत असतो.

मामा : वाक्य चांगलं आहे. पुरावा दे.

भाची : १९७३. स्पायडरमॅनचा १२१वा अंक. पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी. लेखक जेरी कॉन्वे, वय अवघं वीस. मुखपृष्ठावर पीटरच्या जवळच्या माणसांचे चेहरे, आणि यांपैकी एकाचा शेवट होणार अशी हाकाटी.

मामा : म्हणजे मुखपृष्ठच अटकळीचं.

भाची : हो, आणि कथेचं नाव पहिल्या पानावर छापलंच नाही. शेवटच्या पानावर छापलं, कारण नावातच मेलेल्याचं नाव होतं. आता ते पान. थांब, फोनवर दाखवते. हॉबगॉब्लिनच्याही आधीचा खलनायक गॉब्लिन तिला पुलावरून ढकलतो. स्पायडरमॅन जाळं सोडतो, ते तिच्या पायाला चिकटतं. पकडली! पुढच्याच चौकटीत तो तिला वर ओढतोय, स्वतःवर खूश. आता जाळं चिकटतं त्या चौकटीत तिच्या मानेपाशी बघ. नीट बघ. एवढंसं.

(मामा चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांपाशी नेतो.)

मामा : 'स्नॅप.'

भाची : बाकीचे आवाज या कॉमिक्समध्ये हातभर अक्षरांत असतात. हा मुंगीएवढा. तिला कोणी मारलं? गॉब्लिन तर म्हणतो, इतक्या उंचीवरून पडतानाच ती मेली होती. मग हा आवाज कसला? की जाळ्याच्या झटक्याने मान मोडली, म्हणजे वाचवणाऱ्याच्याच हातून? वाचकांनी पत्रांचा पाऊस पाडला. चार अंकांनी पत्रांच्या पानावर संपादकांनी कबूल केलं, झटक्यानेच. आणि बघ, मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टन म्हटलाय आणि चित्रात दिसतो ब्रुकलिनचा. त्याच्यावरही भांडणं चालू आहेत.

मामा : कोणी मरणार हे ठाऊक असून...

भाची : ठाऊक असून. तीही कदाचित काहींनी ओळखली असेल. पण ते एवढंसं अक्षर कुणी ओळखलं नाही. आणि वाचल्यावर सगळ्यांना वाटलं, हे असंच होणार होतं. कारण या माणसाची सगळी गोष्टच ती आहे. त्याच्या बेफिकिरीमुळे काका मेला, त्याच्या घाईमुळे ग्वेन गेली. लेखकाने अटकळीला टांग मारली नाही. तिच्याहून खोल गेला. म्हणून इथे अटकळ थांबली नाही, उलटी फिरली. लोक पुढे काय होणार ते सोडून मागे काय झालं ते पन्नासहून जास्त वर्षं ओळखतायत.

मामा : बरं. हे मान्य. मग तुझ्या लग्नाचं काय? इतकी वर्षं झाली.

भाची : (वही आपल्याकडे ओढून) ही पानं २०१८ ते २०२१ ची. निक स्पेन्सर लिहीत होते. किंड्रेड नावाचा खलनायक. त्याला पीटरकडून कसली तरी कबुली हवी होती, पीटरला आठवतही नसलेल्या पापाची. आठवत नसलेलं पाप म्हटल्यावर आम्ही काय समजणार? लग्न! हॉस्टेलमध्ये रात्री दोनपर्यंत हेच. मेफिस्टोही कथेत आला. माझ्या हातातून पेन पडलं. आणि २०२१ मध्ये शेवट आला तो क्लोन, बनावट माणसं आणि जुन्या एका बदनाम कथेची सफाई असा. लग्न तसंच पुसलेलं. हा रकाना बघ.

मामा : 'खोटं.' खाली काय लिहिलंस? 'पण कारणं बरोबर होती.'

भाची : होतीच.

मामा : आणि इकडे? २०२४. 'खरं', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

भाची : जानेवारी २०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांनी दुसऱ्याच विश्वातला स्पायडरमॅन सुरू केला. तिथला पीटर पस्तिशीचा, दाढीवाला, मेरी जेनचा नवरा, दोन मुलांचा बाप. शक्ती त्याला आता कुठे मिळते. पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला.

मामा : म्हणजे मागणी पुरी झाली, पण मुख्य रस्त्यावर नाही. मागच्या गल्लीत.

भाची : हो. म्हणून प्रश्नचिन्ह. लग्न झालेला पीटर म्हातारा वाटतो म्हणणाऱ्यांना लोकांनी पैसे देऊन उत्तर दिलं. तरी मोठ्या रस्त्यावर तो अजून सडाफटिंगच आहे.

मामा : आणि तो तसाच राहणार. लिहून घे माझ्याकडून. अविवाहित माणसाची वाट बघता येते, लग्न झालेल्याची फक्त चौकशी करता येते. कंपनीला वाट बघणारे हवेत.

भाची : हे तुझं कॅलेंडर झालं. माझी शेवटची नोंद वाच. गेल्या बुधवारची.

मामा : (वाचतो) 'लग्न सैतान परत देणार नाही. मेरी जेनला आपोआप आठवेल. पुसलं तेव्हा तिने सैतानाच्या कानात काही कुजबुजलं होतं. ते काय, हे २०१० मध्ये सांगितलं, पण सगळं सांगितलं असं मला वाटत नाही. एक दिवस ती पीटरच्या दारात येऊन म्हणेल, आपलं लग्न झालं होतं.' छे!

भाची : काय छे?

मामा : असं नाही बोलणार ती.

भाची : का?

मामा : वीस वर्षं संसार केलेली बाई दारात उभी राहून बातमी देईल? ती काही बोलणारच नाही. आत येईल. स्वयंपाकघरात जाईल. त्याने कधी सांगितलेलं नसेल, पण बरोबर त्याला लागते तेवढी साखर कपात घालेल आणि कप पुढे ठेवेल. तो एक घोट घेईल. मग कपाकडे बघेल. मग तिच्याकडे. बस. तिथे एपिसोड संपवायचा.

(भाची पेन घेऊन नवं पान काढते.)

मामा : काय करतेस?

भाची : तारीख टाकतेय.

मामा : माझं नाव नको हं त्यात. नसत्या भानगडी.

(ती लिहीत राहते. उजवीकडचा रकाना रिकामा ठेवते. मामा तिच्या खांद्यावरून वाकून बघतो.)

मामा : आणि चहा लिहू नकोस. कॉफी लिही. अमेरिकन माणूस आहे तो.